पाय हलवू नका

"चार नंबर! झटकेवाले कोण आहेत? चला आत!"

नर्सबाईंनी दारातून ही हाक मारली तेव्हा बाकांवर आम्ही अठरा-वीस माणसं बसलो होतो. सगळ्यांनी माना वळवून झटकेवाला कुठे दिसतो ते पाहिलं. ह्यांनी मान खाली घातली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"झटकेवाले इथे कोणी नाहीत," मी बसल्या जागेवरून म्हटलं. "आम्ही काय झटके विकतो? हे कुलूपवाले आहेत. कुलूपवाले म्हणा, चार नंबर म्हणा, नाहीतर कागदावरचं नाव वाचा."

"आजी, मला दिवसाला शंभर पेशंट आत सोडायचे असतात."

"मग शंभरदा नीट हाक मारा. हाक मारायला पैसे पडत नाहीत."

पलीकडच्या बाकावरचा हात गळ्यात अडकवलेला माणूस हसला. नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि दार उघडं धरलं. ह्यांनी माझ्या कोपराला हळूच चिमटा काढला. गप्प बस, असा त्याचा अर्थ. चाळीस वर्षांच्या संसारात हा चिमटा मी हजार वेळा खाल्लाय आणि एकदाही गप्प बसलेले नाही.

माझ्या तोंडाबद्दल आधीच सांगून टाकते. मी एकतीस वर्षं एका मोठ्या कंपनीत टेलिफोन बोर्डावर होते. लोक फोन करायचे आणि अर्धंच बोलायचे. "अहो, ते आपलं, परवा जे मशीन," एवढं ऐकलं की मी "दुरुस्ती विभाग, जोडते" म्हणून मोकळी. उरलेलं वाक्य मला आधीच कळलेलं असायचं. साहेब म्हणायचे, बाई, तुम्ही माणसाच्या मनातलं ऐकता. मला त्याचा फार अभिमान होता. अजूनही थोडा आहे.

आणि हे कुलूपवाले. आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर ह्यांचं दुकान, एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं आत आली तर तिसऱ्याने फुटपाथवर उभं राहायचं. भिंतभर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, एका बाजूला किल्ली कापायचं मशीन, मध्ये टेबल, टेबलावर शिकंजा, कानस, चिमटा. कुलूप हट्टाला पेटलं की लोक म्हणतात तोडून टाका. ह्यांनी कधी तोडलं नाही. कान लावून बसायचे, तासभर लागला तरी.

आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी चहाचा कप ह्यांच्या हातातून सुटला आणि उजवा ओठ खाली आला. मेंदूतली एक बारीकशी शीर तुंबली होती. हात दोन महिन्यांत परतला. ओठाचा कोपरा जरा ओघळलेलाच राहिला. शब्द मात्र अडकले ते अडकलेच. लिहायला घेतलं तर अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढतात. बोलणं शिकवणाऱ्या बाई आहेत, आठवड्यातून दोनदा येतात. त्यांनी मला पहिल्या दिवशीच सांगितलं, "शब्द आत सगळे आहेत. बाहेर यायला वेळ लागतो. त्यांनी वाक्य सुरू केलं की तुम्ही मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं. मध्ये बोलायचं नाही."

मी तीनपर्यंत जायचे. चार आले की माझ्या तोंडातून त्यांचा शब्द बाहेर. "पा..." म्हणाले की पाणी. "पे..." म्हणाले की पेपर. कधी चुकायचं, तेव्हा हे हात हलवून सोडून द्यायचे. मला वाटायचं, बरोबर आलं म्हणून हात हलवला.

मग ते झटके सुरू झाले. म्हणजे मी पाहिले.

ह्यांनी दुकान पुन्हा उघडलं होतं आणि मी दुपारची तिथे जाऊन बसायला लागले होते. इतकी वर्षं मी त्या दुकानात पाच मिनिटांच्या वर कधी थांबले नव्हते, माझं ऑफिस सुटायचं तेव्हाच ह्यांचं दुकान बंद व्हायचं. एका दुपारी मी कोपऱ्यावरून दूध घेऊन आले तर हे टेबलामागे जमिनीवर. गुडघे टेकलेले, डोकं खाली आणि दोन्ही हात फरशीवर भराभरा इकडून तिकडे चाललेले. ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची तार. मी हाका मारल्या. ओ नाही. मान वर करून माझ्याकडे पाहिलं, डोळे मोठे, ओठ गच्च मिटलेले. मी किंचाळले. शेजारचा चष्मेवाला धावत आला, त्याने ह्यांना उचलून आडवं केलं आणि हे इतके खोकले की मला वाटलं आता संपलं सगळं.

दहा दिवसांनी पुन्हा तेच, तिथेच. मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. डोक्याला तारा लावून तपासणी झाली, ती स्वच्छ आली. रिपोर्ट दाखवायला पुन्हा गेलो. डॉक्टर म्हणाले, तपासणी कधीकधी स्वच्छ येते, पण तुमच्या वर्णनावरून हे झटकेच आहेत. गोळी सुरू झाली. गोळीवर दोन आठवडे झाले आणि तिसरा झटका आला, तो तर घरात, माझ्या डोळ्यांदेखत. हे खुर्चीतून उठले, जमिनीवर गेले, हात तसेच चालवायला लागले. ह्या वेळी माझ्याकडे बघत होते आणि तोंडातून स्स्, स्स् असा आवाज येत होता. मी तांब्याभर पाणी तोंडावर मारलं आणि गाडी बोलावली. गोळीची दुप्पट झाली.

त्या गोळीने माझा माणूस नेला. सकाळी दहाला पेंगायला लागायचे. हात थरथरायचे, स्वतःच्या घराची किल्ली भोकात जाईना. ज्या माणसाने सबंध गावाची दारं उघडली, तो आपल्याच दारात किल्ली हातात धरून उभा राहायचा आणि मी मागून हात घालून दार उघडायचे. त्यावर ते काही म्हणायचे नाहीत. म्हणणार कसे?

मशीन तर डॉक्टरांनी तेव्हाच बंद केलं होतं. ते चाक पोलाद कापतं, झटके येणाऱ्या माणसाने त्याच्यासमोर बसायचं नाही. पुढच्या खेपेला बघू, म्हणाले, सुधारणा नसेल तर कायमचं बंद असं लिहून देतो. ती पुढची खेप म्हणजे आजची. कायमचं बंद म्हणजे मशीन कोणाला तरी देऊन टाकायचं, भिंतीवरच्या किल्ल्या उतरवायच्या आणि दुकान सोडायचं. ह्यांनी सकाळी स्वतः शर्टाला इस्त्री केली होती, थरथरत्या हातांनी. कॉलरला एक चटकासुद्धा पडला होता.

डॉक्टर चाळिशीचे, स्वच्छ, घाईतले. टेबलावर कॉम्प्युटर, आणि दोन खुर्च्या. आम्ही बसलो. डॉक्टरांनी पडद्यावरून नजर न काढता मला विचारलं, "काय म्हणतोय पेशंट? खातो नीट? झोपतो?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे डॉक्टरांकडे बघत होते. हे सत्तरीला आले आहेत. आयुष्यात ह्यांनी कोणाला अरे-तुरे केलं नाही, तोडफोड केलेल्या दाराची किल्ली करायला आलेल्या पोरांनासुद्धा नाही.

"त्यांना विचारा," मी म्हटलं.

"हो, पण त्यांना बोलता येत नाही ना."

"येतं. वेळ लागतो. तुम्हालाही डॉक्टर व्हायला वेळ लागलाच की."

आता त्यांनी पडद्यावरून नजर काढली. "हे बघा आजी, प्रत्येक पेशंटला सात मिनिटं आहेत. बाहेर वीस जण बसलेत."

"बसलेत, मी त्यांच्यातूनच उठून आले. मग ह्यांची सात मिनिटं ह्यांना द्या. तीन वेळा आम्ही इथे आलो. तीन वेळा तुम्ही मला विचारलंत, मला सांगितलंत आणि मलाच कागद दिलात. ह्यांच्याशी तुम्ही एकच वाक्य बोललात, आजोबा जीभ दाखवा. मी फोनवर एकतीस वर्षं काढली, साहेब. समोरचा दिसत नव्हता तरी त्याला आधी 'बोला, ऐकतेय' म्हणायचे. इथे तर माणूस तुमच्यासमोर इस्त्रीचा शर्ट घालून बसलाय."

"मी तुमच्याच भल्यासाठी..."

"भलं करा, पण ज्याचं करताय त्याला विचारून करा. नाहीतर मी इथून उठत नाही. बोलवा कोणाला बोलवायचंय ते."

खरंच उठले नसते. पर्स मांडीवर घट्ट धरून मी खुर्चीत मागे सरकून बसले. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग एक लांब श्वास सोडला आणि खुर्ची ह्यांच्याकडे वळवली.

"बरं. बोला."

ह्यांनी दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले. "म... मला..."

मी मोजायला लागले. एक. दोन. तीन.

"मशीनचं विचारायचंय त्यांना," मी म्हटलं. "मशीनवर पुन्हा कधी..."

ह्यांचा तळहात टेबलावर असा आपटला की डॉक्टरांचं पेन उडालं.

"गप्प!"

आठ महिन्यांत ह्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला अख्खा शब्द, न अडखळता, खणखणीत. आणि तो मला होता. डॉक्टरांच्या ओठांचा कोपरा हलला, मी पाहिलं. माझे कान गरम झाले. एवढी भांडून मी ह्यांना बोलायची जागा करून दिली, आणि पहिली मीच त्या जागेवर जाऊन बसले होते.

"झट... के," हे म्हणाले. मग श्वास घेतला. "ना... ही."

डॉक्टर मऊ आवाजात म्हणाले, "काका, होतं काय, झटका येऊन जातो तेव्हा पेशंटला स्वतःला आठवत नाही. बघणाऱ्यालाच..."

ह्यांनी एक बोट वर केलं. थांबा. मग शर्टाच्या खिशातून एक चपटी डबी काढली. थरथरत्या नखाने झाकण उघडायला वेळ लागला, मी माझे हात पर्सखाली दाबून ठेवले. डबीतून ह्यांनी एक स्प्रिंग काढली, कुलपाच्या पोटात असते तसली, भाताच्या शितापेक्षा बारीक. ती डॉक्टरांना दाखवली. नीट दिसेल अशी, उजेडात धरून. आणि मग हात पुढे करून जमिनीवर सोडून दिली.

आवाजही झाला नाही. आणि हे खुर्चीतून उतरून गुडघ्यांवर बसले.

"अहो!" मी ओरडले. डॉक्टर उठायला लागले, एक हात घंटीकडे गेला.

"पाय!" टेबलाखालून आवाज आला. "पाय... हल... वू... नका!"

डॉक्टरांचा एक पाय उचललेला होता, तो तसाच राहिला. मोठे डॉक्टर, टेबलाला धरून एका पायावर उभे. आणि हे खाली, डोकं वाकवून, दोन्ही तळहात फरशीवर चपटे टेकवून भराभरा इकडून तिकडे फिरवत होते. डोळ्यांनी नाही, हातांनी शोधत होते. तसलं बारीक काही पडलं की डोळ्यांना दिसत नाही, तळहाताला टोचतं. ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची तार आली.

मी तेच बघत होते. तेच डोकं, तेच हात, तीच लाळ. दुकानात दोनदा आणि घरात एकदा मी जे पाहिलं होतं, ते हेच होतं.

दीडएक मिनिट गेलं असेल. मग हे थांबले, तळहात उलटा केला, त्याला चिकटलेली स्प्रिंग चिमटीत धरली आणि टेबलाला धरून उठले. मी हात दिला नाही. द्यावासा वाटत होता, दिला नाही. स्प्रिंग ह्यांनी डॉक्टरांच्या समोर, केसपेपरवर ठेवली.

"झट... का," हे म्हणाले, आणि त्या स्प्रिंगकडे बोट दाखवलं.

डॉक्टर खाली बसले. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "तुम्ही हाकेला ओ देत नव्हता, असं इथे लिहिलंय."

"तों... डात... पि... ना." दोन बोटं ओठांत धरून दाखवली. कुलूप उघडल्यावर आतल्या पितळी पिना ओठांत धरायची ह्यांची सवय. शिंपी टाचण्या धरतो ना, तशा. चाळीस वर्षांची सवय, चष्मेवाल्याला ठाऊक असेल, गिऱ्हाइकांना ठाऊक असेल. बायकोला ठाऊक नव्हती.

"आणि ते खोकणं?"

"गिळ... ल्या," हे म्हणाले. "दोन."

"पिना गिळल्या?" डॉक्टर अर्धे उठले.

"गे... ल्या," हे शांतपणे म्हणाले आणि कुठून गेल्या ते हाताने दाखवलं. डॉक्टरांना हसू आवरेना.

"आणि तिसऱ्यांदा? घरी?"

हे माझ्याकडे वळले. ह्या वेळी मला मोजावंसं वाटलंच नाही. तासभर लागला असता तरी मी बसले असते.

"दा... खवत... होतो," हे म्हणाले. "हि... ला."

स्स्, स्स्. स्प्रिंग म्हणत होते. माझ्याकडे बघत, जमिनीवर बसून, मला समजावून सांगत होते की अगं, झटका नाही, असं होतं ते. आणि मी तांब्याभर पाणी मारलं. मला एवढी लाज वाटली की टेबलाखाली जाऊन बसावं. रागही आला होता, पण तो कोणाचा हे कळेना. मग कळलं, आणि मी दोघांच्या वाटणीचा बोलून दाखवला.

"चूक माझी," मी डॉक्टरांना म्हटलं. "पाहिलं मी, सांगितलंही मीच. पण लिहिलंत तुम्ही. तीन वेळा लिहिलंत आणि तीनही वेळा हा माणूस माझ्या शेजारी बसला होता. एकदा, फक्त एकदा ह्यांना विचारलं असतंत, काका, तुम्हाला काय वाटतं?"

मला वाटलं डॉक्टर आता चिडतील. त्यांनी पडदा स्वतःकडे ओढला आणि वाचलं. "वर्णन, पत्नी," ते हळू म्हणाले. "वर्णन, पत्नी. वर्णन, पत्नी." मग पडदा बाजूला सारला. "बरोबर आहे तुमचं. विचारायला हवं होतं. काका, माफ करा."

ह्यांनी मान हलवली. केलं, अशी.

मग डॉक्टरांनी विचारलं आणि ह्यांनी सांगितलं. मधला वेळ कधी कोरा गेल्यासारखा वाटतो का? जीभ चावली गेली का कधी? हाताला मुंग्या? एकेका उत्तराला मिनिटभर. दारावर टकटक झाली, नर्सबाईंनी डोकं आत घातलं, "सर, वीस मिनिटं झाली." डॉक्टर म्हणाले, "थांबा, हे बोलतायत." मी खुर्चीत बसून नुसती ऐकत होते. गोळीने डोळ्यांपुढे धुकं येतं, हे मला त्या दिवशी कळलं. बोलणं शिकवणाऱ्या बाई आल्या की मी स्वयंपाकघरात गेलेली बरी असते, हेही कळलं.

"गोळी एकदम सोडायची नाही," डॉक्टर ह्यांना म्हणाले. कागदसुद्धा ह्यांच्यासमोर ठेवला. "दर आठवड्याला थोडी कमी करत जाऊ. एक तपासणी पुन्हा करू, माझी खात्री व्हायला. तोवर मशीन नको. महिन्याने या. सगळं ठीक असलं तर मी कायमचं बंद असं लिहिणार नाही. चालेल तुम्हाला?"

"चा... लेल," हे म्हणाले, आणि स्प्रिंग उचलून डबीत ठेवली.

बाहेर आलो. नर्सबाईंनी पुढची हाक मारली, नाव वाचून. ते मी ऐकलं.

तारीख द्यायच्या खिडकीत एक मुलगी बसली होती. तिने ह्यांच्या हातातला कागद घेतला आणि मला विचारलं, "कधीची देऊ ह्यांना?"

"त्यांना विचारा."

ह्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं, सतरा तारीख. मुलीने लिहून घेतलं. "सोबत कोण येणार? सोबतच्याचं नाव लिहावं लागतं."

हे माझ्याकडे वळले. आठ महिन्यांत मी ह्यांना एकट्याने कोपऱ्यापर्यंत सोडलेलं नाही. रस्ता ओलांडताना शर्टाची बाही धरते. ह्यांनी तोंड उघडलं आणि मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. मागे रांग चुळबुळ करायला लागली. चार, पाच, सहा. सातवर मला शब्द कळला होता. तो मी ओठांत गच्च धरून ठेवला. आठ. नऊ.

"ए... कटा," हे म्हणाले.

माझ्याजवळ दहा कारणं तयार होती. धुकं येतं डोळ्यांपुढे, दोन गाड्या बदलाव्या लागतात, वाटेत कोणी काही विचारलं तर? आणि एक अकरावं होतं, ते मी कोणालाच सांगणार नव्हते, की मग सतरा तारखेला मी घरी बसून करू काय. मुलीने पेन थांबवलं आणि ह्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं, भुवया उंचावून, मी हो म्हणते का ते बघायला.

"माझ्याकडे काय बघतेस?" मी म्हटलं. "ते बोलले ना? लिही."